पानाबाहेरची अक्षरं

आमच्या वर्गात त्रेसष्ट जण आहेत आणि त्यातल्या एकालाही चित्राचं रूपांतर करता येत नाही. मला येतं. फुशारकी म्हणा हवं तर. वर्षभरापूर्वी फळ्यापुढं उभी राहिले की माझी जीभ टाळूला चिकटायची, आता कॉम्प्युटरच्या तासाला सर स्वतः म्हणतात, "लुंबिनी, जरा बघ गं, हे काय म्हणून राहिलंय."

काम काय ते आधी सांगते. मोबाईलमधला फोटो ठिपक्यांचा असतो. मोठा करत गेलं की ठिपके दिसायला लागतात आणि चांगल्या माणसाच्या नाकाला पायऱ्या पडतात. दुसरं चित्र असतं रेघांचं. त्यात ठिपके नसतातच, नुसत्या सूचना असतात: इथून निघ, तिथं वळ, एवढी जाड रेघ ओढ. ते कितीही मोठं करा, बिघडत नाही. माझी आई असली चित्रं काढते. विहिरींची. भोकर तालुक्यातल्या त्रेचाळीस विहिरी, प्रत्येक उभी कापून दाखवल्यासारखी: वर काळी माती, खाली मुरूम, मग खडक, खडकातली भेग, भेगेतून झिरपणारं पाणी. तिची पीएच.डी. त्याच्यावर आहे. भोकर तिचं माहेर. कमरेला दोर बांधून ती त्या त्रेचाळीसही विहिरींत उतरली आहे, आणि काठावरची माणसं म्हणायची, "दिपाली, रवंदळ्यांच्या पोरीला शोभतं का हे?"

तर तिचा प्रबंध ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, लेटेक म्हणतात त्याला, ते रेघांचं चित्र आहे तसं घेत नाही. आधी त्याची पीडीएफ करावी लागते. नुसती पीडीएफ केली तर चित्रातली अक्षरं एका वळणाची आणि प्रबंधातली दुसऱ्या, आणि आईच्या सरांना ते अजिबात खपत नाही. म्हणून रूपांतर करताना चित्राची आणि शब्दांची ताटातूट करायची. चित्र एका फाइलीत, शब्द दुसऱ्या फाइलीत. प्रत्येक शब्दाशेजारी तो कुठं बसायचा त्याचे आकडे. मग लेटेक तो शब्द स्वतःच्या अक्षरात लिहून चित्रावर नेमका बसवतं. मला हे कुणी शिकवलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत चौदा वेळा चुकले, पंधराव्या वेळी इंग्रजी अक्षरांतला 'मुरूम' हा शब्द मुरुमाच्या थरावर अलगद येऊन बसला, आणि मी एकटीच घरात टाळ्या वाजवल्या.

एकटीच, कारण आई नांदेडला. तीन वर्षं झाली. आधी ती इथंच लातूरला कॉलेजात तासांवर शिकवायची, मग विद्यापीठाची फेलोशिप मिळाली आणि ती तिथल्या होस्टेलवर राहायला गेली. एक शनिवार सोडून एका शनिवारी येते. लातूर–नांदेड म्हणजे काही परदेश नाही, साडेतीन तासांची एसटी. पण शनिवारी संध्याकाळी आलेलं माणूस रविवारी दुपारी परत बॅग भरायला लागलं, की ते आलं होतं का नव्हतं असं वाटतं. पप्पा वीज उपकेंद्रात ऑपरेटर, त्यांच्या पाळ्या बदलत असतात. मी शाळेतून येते, कुलूप काढते, पंखा लावते. पंखा थंडीतही लावते, आवाजासाठी.

फोनवर पूर्वी आम्ही काय बोलायचो? "जेवलीस का?" "हाव." "अभ्यास?" "चालू हाय." संपलं. दिवाळीनंतर मात्र आमचं बोलणं सुरू झालं. आई चार चित्रं पाठवायची, मी रूपांतर करून चार परत पाठवायची. "आकृती अकरामधी बाण तिरका आला गं." "तू तिरकाच काढलायस, आई." "काढला व्हय? बघ की, मलाच दिसेना." कधीकधी बाणावरून वीस मिनिटं. मी मुद्दाम दोन-दोन चित्रंच पाठवायला लागले, म्हणजे फोन जास्त होतात.

आणि एक हिशेब माझ्या मनात पक्का होता. प्रबंध जमा झाला की आई घरी. अकरावी-बारावीला सगळ्या मुलुखातली पोरं आई-बाप सोडून लातूरला येतात. मी लातूरचीच, माझी आई तेवढी परत येणार. मी तिच्यासाठी कपाटाचा मधला कप्पा रिकामा करून ठेवला होता. पप्पांना दाखवला तर ते म्हणाले, "बरं केलंस," आणि लगेच पाण्याची मोटर बघायला खाली गेले.

जानेवारीचा शेवटचा शनिवार. आईचा फोन आला तोच धापा टाकत. सरांनी प्रबंध तपासून परत दिला होता: सगळ्या आकृत्यांची मापं पानापेक्षा मोठी, सगळ्या पुन्हा करा. रविवारी संध्याकाळी पाच वाजता सर गावाला चालले. त्याच्या आत पूर्ण पीडीएफ दिली तर ते सही करणार, सोमवारी प्रबंध जमा. नाहीतर सर परत यायला पंधरा दिवस.

"लुंबी, त्रेचाळीस हायत. तुझी दहावी तोंडावर. मला विचारायची लाज वाटायली."

"आई, पूर्ण फोल्डर पाठव. मी आता एकेक उघडत नसते. एका ओळीची आज्ञा लिहिलीय मी, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस एका दमात होतात."

"एका दमात?"

"चहा पिऊन होईपर्यंत."

"माझी माय गं ती," आई म्हणाली. तिला हसू आलं होतं, ऐकू आलं.

एरवी आई चित्रं पाठवताना नीट साफ करून पाठवायची. या वेळी घाईत तिनं तिचं कामाचं फोल्डरच, प्रबंधासकट, जसंच्या तसं पाठवलं. आणि मीही, एका दमात करणारी, एकही चित्र उघडून पाहिलं नाही. दोघींचीही चूक म्हणायची.

रविवारी पप्पांची सकाळची पाळी होती. अकरा वाजता मी आज्ञा दिली. त्रेचाळीस चित्रं, त्रेचाळीस शब्दांच्या फाइली, सगळं तयार. मग लेटेक चालवलं. ते सरसर पुढं गेलं आणि नवव्या आकृतीवर अडलं. लेटेक अडलं की कारण सांगतं. म्हणालं, हे अक्षर माझ्याकडं नाही. आणि ते अक्षर समोर ठेवलं: ल.

प्रबंध सगळा इंग्रजीत. त्यात मराठी ल कुठून आला?

नवव्या आकृतीच्या शब्दांची फाइल उघडली. इंग्रजी नावांच्या गर्दीत एक ओळ होती: "लुंबीच्या वर्गात कोण नवीन मैत्रीण झाली का, विचारणे." शेजारी आकडा, एक पूर्णांक चार दशांश. पानाची रुंदी म्हणजे एक धरतात. शब्द शून्य आणि एकच्या मध्ये असला तर पानावर. एकच्या पुढं म्हणजे पानाच्या बाहेर.

मग मी मूळ चित्र उघडलं. विहीर पानावर होती आणि पानाच्या उजवीकडं, जिथं राखाडी मोकळी जागा असते आणि जी छापताना कधीच येत नाही, तिथं आईनं हे लिहून ठेवलं होतं. वहीच्या समासात लिहावं तसं. चित्राबरोबर ते येत नाही. पण मी शब्द वेगळे काढले होते ना. शब्द काढताना सॉफ्टवेअर पान कुठं संपतं ते बघत नाही, असतील नसतील तेवढे शब्द उचलून आणतं.

ती ओळ काढली, परत चालवलं. चौदाव्या आकृतीवर अडलं. "भूक लागली की लई चिडचिड होते, खारे दाणे जवळ ठेवणे." मी मोठ्यानं हसले. बाविसाव्या आकृतीवर: "लुंबी फोनवर आता मोठ्या बाईसारखी बोलायली. बरं वाटतं. थोडं वाईट पण." इथं मी हसले नाही. ओळ काढायच्या आधी तीनदा वाचली.

खरं सांगते, मला लोभ सुटला होता. परत चालवायचं, अडू दे, आणखी एक अडू दे. तीन वर्षांत आईनं मला असं काही सांगितलं नव्हतं. ती विहिरींच्या कडेला बसून माझ्याशी बोलत होती आणि मला ऐकूच येत नव्हतं.

एकतिसाव्या आकृतीवर लेटेकनं अक्षर ठेवलं: भ.

"भोपाळच्या नोकरीला हो कळवलं. जमा केल्याची पावती आठ दिवसांत पाहिजे. एप्रिलपासून दोन वर्षं. यांना सांगितलं, हे जा म्हणाले. लुंबीला शेवटचा पेपर झाल्यावर सांगायचं, आधी नको."

'हे' म्हणजे पप्पा. म्हणजे कप्पा दाखवला तेव्हा त्यांना माहीत होतं.

मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून उठले. घरात कुठं जावं कळेना. दोन तर खोल्या. जिना उतरून खाली गेले. खाली शरणम्मा काकू राहतात, आमच्या घरमालकीण. माहेर त्यांचं कर्नाटकात, निलंग्याच्या पलीकडं. ओट्यावर हरभऱ्याचे ढाळे सोलत बसल्या होत्या.

"बा, बा. बस इथं. आज मशीन बंद ठेवलास?"

"न्हाई. चालूच हाय."

"पोरगी नाहीस तू, गिरणीच हाइस. दिवसभर टकटक टकटक. वरून ऐकू येतंय मला." एक जुडी माझ्या मांडीवर टाकली. "सोल. फुकट बसायचं नाही. अम्मा कधी येणार तुझी?"

"काम झालं की."

"आणि काम?"

"माझ्याकडंच हाय ते."

"मग कर की लवकर! मी काय म्हणते, तुझ्याकडंच हाय तर आईला कशाला लटकवलास?"

मी घाटे फोडत राहिले. हिरवे दाणे ताटलीत कमी आणि तोंडात जास्त. काकूंना काय माहीत. मला तेव्हाच कळलं होतं आणि ते कळल्याचीच भीती वाटत होती: मी काहीच करायची गरज नव्हती. नुसतं ढाळे सोलत बसले असते तरी पाच वाजले असते. सर गावाला गेले असते, पंधरा दिवस गेले असते, आठ दिवसांची पावती राहिली असती. कुणी मला बोललंही नसतं. 'लेटेक अडलं' एवढंच. ते खोटंही नव्हतं, खरंच अडलं होतं. आई रडली असती आणि मधल्या कप्प्यात साड्या ठेवल्या असत्या.

"तोंड का असं केलास?" काकू म्हणाल्या. "किडका दाणा आला?"

"हाव," मी म्हणाले.

साडेतीनला वर आले तर फोनवर आईचे सहा मिस्ड कॉल. सातवा हातात वाजला.

"लुंबी! कुठं हाइस गं? झालं का? सर बॅग भरून राहिले."

"अडलंय."

"कुठं?"

"एकतिसाव्या आकृतीत."

"एकतीस... ती तळ्याजवळची विहीर. त्याच्यात काय अडायसारखं हाय? साधी तर हाय."

"मराठी अक्षर आलंय त्याच्यात."

"मराठी कसं येईल? मी सगळी नावं इंग्रजीतच..." आणि ती थांबली. मग हळू विचारलं, "कोणतं अक्षर?"

"भ."

तिच्या होस्टेलात कुणीतरी बादली ओढत नेत होतं, तो आवाज आला आणि गेला.

"बाकीची बी वाचलीस?"

"नऊ, चौदा, बावीस. आणि हे."

"ते मी माझ्यापुरतं लिहिलं होतं, लुंबी. ते पानावर नव्हतं."

"मला माहीत हाय पानावर नव्हतं! मला आकडे वाचता येतात, आई." माझा आवाज चढला. "सगळ्यांना माहीत. पप्पांना माहीत. मी कप्पा रिकामा करत बसले आणि ते मोटर बघायला गेले!"

"कुठला कप्पा?"

"जाऊ दे."

"ऐक." तिनं श्वास घेतला. "परीक्षेआधी तुला कशाला घोर, म्हणून आम्ही... चुकलं आमचं. तू नको म्हण, मी नाही जात. खरं सांगते. आत्ता म्हण."

'नको' हा शब्द माझ्या तोंडात तयार होता, ढाळ्यासारखा सोललेला. पण तिनं तो असा समोरून मागितला आणि मला रागच आला.

"आत्ता विचारून राहिलीस? पावणेचारला? पाचला सर चालले आणि तू मला विचारायलीस, जाऊ का नको? मी नको म्हणले तर तुझं गेलं, हो म्हणले तर माझं गेलं. मी काय म्हणू? हे मी न्हाई सांगणार. तू विहिरीत उतरताना मला विचारलं होतंस का?"

"न्हाई," आई म्हणाली.

"मग! मी चित्रं करते. मला चित्रांचं विचार."

फोन ठेवला. चार वेळा चुकीची जागा टिचकली. मग ती भोपाळची ओळ काढली. एकतिसाव्या विहिरीत पाणी होतं, भेग होती, सगळं जागेवर. परत चालवलं. चौतीस, अडतीस, चाळीस. मला वाटत होतं अजून एकदा अडेल. अडलं नाही. दोनशे बारा पानं, एकाही चुकीशिवाय. आयुष्यात पहिल्यांदा मला ते आवडलं नाही.

पाठवायच्या बटणावर बाण नेऊन मी बसले. घड्याळात चार वाजून नऊ मिनिटं. उगाच फार वेळ लावला असं म्हणणार नाही. दोन मिनिटं असतील. मी त्रेचाळीस आकृत्या एकदा पाहिल्या, एकेक करून. ही माझी. म्हणजे आईच्या विहिरी, पण हे बाण, ही अक्षरं, हे सगळं नेमकं बसवणं माझं. एवढं नीट केलेलं काम मुद्दाम सडवायचं मला जमेना. बाकी काही मोठा विचार केला नाही. चार अकराला पाठवलं.

आईचा लगेच फोन. दोघींनी दुसरं काही बोलायचं नाही असं ठरल्यासारखं आम्ही फक्त पानं उलटत होतो. तिच्या माऊसची टिकटिक मला ऐकू येत होती, माझी तिला जात असणार.

"सत्तावीस बरोबर," ती म्हणायची.

"अठ्ठावीस बघ."

"बरोबर."

एकतीसला ती थोडी थांबली. "बरोबर," म्हणाली.

त्रेचाळीस झाल्यावर मी म्हणाले, "जा आता. सर निघतील."

"लुंबी..."

"जा ना आई."

पावणेपाचला पप्पा आले. दारातच एक बूट काढला आणि विचारलं, "झालं का तुझ्या मायचं?"

"झालं. भोपाळला किती तारखेला जाऊन राहिली ती?"

पप्पा एका पायावर तसेच उभे राहिले. दुसरा बूट हातानं चाचपत होते आणि नाडी सापडत नव्हती.

"तिनं सांगितलं?"

"सांगितलं न्हाई. सापडलं."

"लई चिडली का?"

"लई."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर जास्त. ती निदान लिहून तरी ठेवत होती."

त्यांनी मान हलवली. नंतर आत जाऊन त्यांनी पोहे केले, तिखट जास्त झालं, दोघांनीही खाल्ले. साडेपाचला आईचा मेसेज पप्पांच्या फोनवर आला: सही झाली. सोमवारी दुपारी दुसरा आला: जमा झालं. मी शाळेत होते, मला घरी आल्यावर कळलं.

त्या संध्याकाळी सवयीनं लॅपटॉप उघडला. आईकडून काहीच आलं नव्हतं. येणार कुठून? त्रेचाळीसच विहिरी होत्या. आता बाण तिरका नव्हता, माप चुकलं नव्हतं, माझ्याकडं पाठवायला आणि तिच्याकडं विचारायला काहीही उरलं नव्हतं. भूगोलाचं पुस्तक घेतलं, परत ठेवलं. मग फोन लावला.

"काय गं? काही राहिलं का?" आईनं घाबरून विचारलं.

"न्हाई. काही राहिलं न्हाई."

"मग?"

"मग काही न्हाई. असाच लावला."

"असाच?"

"हाव."

काम नसताना लावलेला फोन आम्हा दोघींनाही जमत नव्हता. ठेवावा असं दोनदा वाटलं. तिनंही ठेवला नाही.

"भोपाळला थंडी लई असती का गं?" शेवटी मी विचारलं.

"असंल," आई म्हणाली. "मला बी माहीत न्हाई."